सतरा नंबरची पेटी

मशीन आली तेव्हा डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वेलींना नुकती फुलं धरली होती. एक ट्रॅक्टर तिला ओढत होता आणि दुसरा मागून पाण्याची टाकी आणत होता. जंगलातून धरणाच्या काठावर उतरणारी वाट बैलगाडीपुरतीच होती. मशीनच्या चाकांनी दोन्ही बाजूंची झुडपं मोडून तिचा रस्ता केला. जया घागर कमरेवर तशीच धरून बघत राहिली. तिचा सासरा नत्थू मान वर न करता म्हणाला, पाणी सांडून राहिलं.

रामटेक मागं टाकून दीड तास जंगलातून आत गेलं की हा काठ लागतो. धरण झालं तेव्हा नत्थू नऊ वर्षांचा होता. जुनी कोसुंबी पाण्याखाली गेली आणि ढिवरांची तीस घरं टेकाडावर आली, ती नवी कोसुंबी. पाणी असेल तोवर ही माणसं मासे धरतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात डांगर-टरबुजाच्या वाड्या लावतात. पाटबंधारे खात्याचा एक कागद असतो, त्यावर कोणाची पट्टी कुठून कुठवर ते लिहिलेलं असतं. जूनमध्ये पाणी परत चढतं. तेव्हा कागद संपतो आणि जमीनही.

नत्थूची पट्टी त्याच्या बापाच्या जुन्या शेतावरच पडते. दरवर्षी खटपट करून तो तीच मागून घेतो. चार महिन्यांसाठी शेत भेटायला येतं, असं तो म्हणायचा. यंदा पाणी फारच खाली गेलं होतं. खालच्या बाजूला जुन्या गावाच्या विहिरीचं तोंडसुद्धा उघडं पडलं होतं आणि त्यावर बगळे बसत होते.

वाडीच्या ओळी पाण्याला समांतर होत्या. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना झिरा, पाणी पाझरणारा खड्डा, खणलेला असे. इकडच्या झिऱ्यातून घागर भरायची, आळ्याआळ्यात पाणी घालत ओळीच्या शेवटाला जायचं, तिथल्या झिऱ्यात घागर भरायची आणि पुढच्या ओळीनं परत यायचं. रिकाम्या घागरीनं कोणी चालायचं नाही. जया लग्न होऊन आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूनं, सिंधूबाईनं, तिला हे शिकवलं होतं. एकदा ती ओळ संपवून रिकामीच मागं आली, तर सिंधूबाई तिथूनच म्हणाली होती, "पायाले काम नसन तं असं चालावं वं बाई."

सिंधूबाई मागच्या पावसाळ्यात गेली. वाडीतल्या बहुतेक वेली आता दुकानातल्या पाकिटाच्या बियांच्या होत्या. पण तिच्याकडे एक जुनं डांगराचं बी होतं, तिच्या माहेरचं. फळ लहान, साल हिरवी-पिवळी, आणि वास असा की घरात एक ठेवलं तर शेजारी विचारत यायचे. दुधी भोपळ्याच्या वाळलेल्या तुंब्यात राख घालून ती ते ठेवायची. शेवटच्या वर्षी आजारपणात तुंब्याचं तोंड नीट बंद झालं नाही आणि बियांना कीड लागली. जयानं माघात तुंबा उपडा केला तेव्हा त्यात अकरा धड बिया निघाल्या. त्यातल्या सात उगवल्या. नत्थूनं त्या सगळ्यात वरच्या ओळीत लावल्या, पाणी चढलं तरी सगळ्यांत शेवटी बुडावं म्हणून.

मशीनबरोबर आलेली माणसं शिसं आणि जस्त शोधत होती. त्यांची मुख्य बाई म्हणजे अस्मिता मॅडम, नागपूरची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची पोरगी. डोक्यावर मोठी टोपी, गळ्यात भिंग, आणि पायातले बूट तिच्यापेक्षा जड. ती पहिल्याच दिवशी वाडीवर आली आणि नत्थूच्या जाळ्यापाशी उकिडवी बसली. जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या होत्या. त्यातल्या काही बाजारच्या, काही वेड्यावाकड्या. वेड्यावाकड्या कुठून आणल्या, असं तिनं विचारलं. नत्थूनं सांगितलं की त्याचा बाप गावच्या नाल्यातून जड चमकता गोटा आणायचा, कोळशाच्या आगीत ठेवायचा आणि खाली ओघळलेलं मातीच्या साच्यात धरायचा. नाला कुठं आहे विचारल्यावर त्यानं विहिरीपलीकडं पाण्याकडं बोट दाखवलं. मशीनचा फोरमन मधुसूदन हसला. म्हणाला, बुढ्यानं अख्खी खाण पाण्यात बुडवून ठेवली.

अस्मितानं मात्र ते वहीत लिहून घेतलं. पण भोकं कुठं पाडायची ते नागपूरच्या ऑफिसात आधीच ठरलं होतं. एकूण तीन भोकांची मंजुरी होती. पहिलं वाडीच्या खालच्या कडेला, दुसरं त्याच्याही खाली शंभर पावलांवर, पाण्याकडं. तिसरं, या दोन्हींत काय निघतं ते बघून.

जया आणि गोपिकाला धुण्याचं काम मिळालं. गोपिका शेजारच्या घरातली, जयापेक्षा दहा वर्षांनी मोठी, नवरा गेलेली. जमिनीतून मशीन दगडाची गोल लांब कांडी बाहेर काढायची, मनगटाएवढी जाड. ती तुकड्या-तुकड्यांनी निघायची. मशीनवरची माणसं ते तुकडे पत्र्याच्या पेटीत ओळीनं मांडायची. पेटीत पाच खाचा, प्रत्येक खाच एक मीटरची. म्हणजे एका पेटीत जमिनीच्या पोटातले पाच मीटर. दोघींनी तुकड्यांवरचा चिखल ब्रशनं आणि पाण्यानं धुवायचा, तुकडा जिथून उचलला तिथंच ठेवायचा आणि भरलेली पेटी उचलून मांडवात न्यायची.

पहिल्या आठवड्यात जयाच्या बोटांना चिरा पडल्या. दगडाच्या ताज्या कडा विळीसारख्या. ती घरी आल्यावर बोटांना करडईचं तेल लावायची आणि त्याच हातांनी भाकरी थापायची. पण काम तिला आवडायला लागलं होतं. धुतलं की दगडाचा रंग उघडायचा. कुठं राखाडी, कुठं हिरवट, कुठं पांढरे दोरे. एकदा एका तुकड्यात लहान लहान चौकोनी आरसे बसवल्यासारखं चमकलं, तेव्हा मॅडम धावत आली होती. हेच ते शिसं, असं तिनं सांगितलं, आणि भिंग जयाच्या डोळ्याला लावलं. जयाला सासऱ्याच्या जाळ्यातल्या वेड्यावाकड्या गोळ्या आठवल्या. पहिल्या भोकात हा पट्टा एका वितीचा निघाला होता.

दुसरं भोक संपत आलं त्या दिवशी दुपारी हवा भाजत होती. दोघी एक भरलेली पेटी उचलून मांडवाकडं निघाल्या. पत्र्याची मूठ तापली होती. पदराचा बोळा करून धरलेली मूठ गोपिकाच्या हातातून निसटली आणि पेटी तिरपी होऊन सगळे तुकडे वाळूत सांडले.

मशीनवरची माणसं जेवायला गेली होती. मॅडम नागपूरला गेली होती. गोपिका मटकन खाली बसली. तिच्या घोट्यावर पत्र्याचा कोपरा लागून रक्त येत होतं, पण ती पायाकडं बघतच नव्हती. "गेलं वं जया. हाजरीतून नाव गेलं माह्यं." तिचं नाव आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी रजिस्टरमध्ये लिहून घेतलं होतं. रोज संध्याकाळी ती सही करायची, अक्षर अक्षर जोडून.

जयानं तिच्या घोट्याला चिंधी बांधली आणि तुकड्यांपाशी बसली. हे तुकडे तिनंच सकाळी धुतले होते, एकेक हाताखालून गेलेला. शिवाय दगड तुटला की त्याच्या दोन्ही तोंडांना एकच आकार राहतो. एकाला टेंगूळ तर दुसऱ्याला खळगा. तिनं ओला फडका फिरवत एकाचं तोंड दुसऱ्याला लावून बघायला सुरुवात केली. नीट बसलं की बोटाला कळायचं. पहिली खाच डावीकडून उजवीकडं भरली. मग दुसरी. चमकते तुकडे तिसरीच्या शेवटाला आणि चौथीच्या सुरुवातीला आले, एकमेकांना घट्ट लागून. तास-दीड तासात पेटी भरली. एकही तुकडा उरला नाही, एकही खोटा बसला नाही. लाकडाचा ठोकळा, ज्यावर खोली लिहिलेली असते, तोही तिनं शेवटाला ठेवला. पेटीवर सतरा आकडा होता.

"झालं," ती म्हणाली. "जशीच्या तशी."

कुणाला सांगू नको, असं गोपिका म्हणाली. सांगण्यासारखं उरलंच काय, असं जयाला वाटलं. मनातून तिला आपल्या हातांचा थोडा गर्वच झाला होता.

आठ-दहा दिवसांनी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मधुसूदन चुन्याची पिशवी घेऊन वाडीत शिरला. मोजपट्टी धरणारा एक गडी त्याच्याबरोबर होता. दोघं वेलींवरूनच चालत वर गेले. तिथं एक खुंटी ठोकून मधुसूदननं भोवती चुन्याचा मोठा गोल काढला, घराच्या अंगणाएवढा. सिंधूबाईच्या सातही वेली गोलात आल्या. एका पानावर आणि त्या पानाखालच्या मुठीएवढ्या डांगरावर चुना पडला.

संध्याकाळी अस्मिता स्वतः सांगायला आली. ती वाडीच्या बांधावर बसली आणि खाली बघत बोलली. तिसरं भोक इथं पाडायचं ठरलं होतं. वेलींची भरपाई मिळेल, कागद करून देऊ, असं तिनं सांगितलं. तीन दिवसांनी मशीन वर आणायची होती.

नत्थूनं भरपाईचं काही विचारलंच नाही. तो गोलात गेला, चुना पडलेलं डांगर त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि बोटानं वाजवून बघितलं.

"याचं बी अजून पांढरं आहे, मॅडम. पिकाले पंधरा दिस लागते. तोडून ठेवलं तं फळ पिवळं पडते, पण बी नाई धरत. पंधरा दिस थांबा, मंग तुमी काईबी करा."

अस्मितानं सांगितलं की मशीन पंधरवड्यात छिंदवाड्याकडं जायची आहे, तिथला करार आधीच झाला आहे. एकच भोक उरलंय, ते चुकून चालणार नाही.

जयानं सासऱ्याकडं बघत विचारलं, "पन इथंच काहून, मॅडम? मामाजी तं खाली मन्ते."

अस्मितानं काडीनं मातीत रेघ काढली. वरच्या भोकात पट्टा एकसंध होता, वीतभर. खालच्या भोकात तो उसवला होता. "दोराचं टोक उसवतं ना ताई, तसं. दोन वेगळे पट्टे झालेत, मधे जवळजवळ मीटरभर कोरा दगड. म्हणजे पाण्याकडं जाऊन तो संपत चाललाय. जाड आणि एकसंध असेल तर वरच्या अंगाला, इथं."

"कोन्त्या पेटीत उसवला?" जयाच्या तोंडून निघून गेलं.

"सतरा," अस्मिता म्हणाली आणि जयाकडं जरा आश्चर्यानं बघितलं.

जयाच्या बोटांना तो चमकता दगड आठवत होता. तो एक होता. मधे कोरा दगड नव्हताच. तिसऱ्या खाचेचा शेवटचा तुकडा आणि चौथीचा पहिला यांची तोंडं तिनं स्वतः जुळवली होती.

दुसऱ्या दिवशी ती मांडवात ब्रश धुवायच्या निमित्तानं रेंगाळली. अस्मिता एका नव्या पेटीपाशी स्टुलावर बसून वहीत लिहीत होती. तिचं बोट पहिल्या खाचेवरून डावीकडून उजवीकडं गेलं, कडेला पोचलं. मग उचललं गेलं आणि परत डावीकडं येऊन दुसऱ्या खाचेवर टेकलं. तिथून पुन्हा उजवीकडं. प्रत्येक ओळीच्या शेवटी बोट रिकामं मागं येत होतं, पुस्तक वाचताना येतं तसं.

जयाच्या हातातला ब्रश थांबला. तिनं पहिली ओळ उजवीकडं संपवली होती आणि दुसरी तिथूनच, उजवीकडूनच सुरू केली होती. मग तिसरी डावीकडून, चौथी पुन्हा उजवीकडून. वाडीत पाणी घालतात तशी. दुसरी काही रीत असू शकते हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस ती तुकडा उचलून जिथल्या तिथं ठेवत आली होती. ओळ कुठून सुरू होते ते बघायची वेळ कधी आली नव्हती.

सतरा नंबरची पेटी मांडवाच्या कोपऱ्यात होती. तिनं वाकून बघितलं. चमकते तुकडे उजव्या कडेला एकाखाली एक बसले होते, तिसऱ्या खाचेत आणि चौथ्या खाचेत. मॅडमच्या बोटानं वाचलं तर पहिला तुकडा यायचा, मग सगळी चौथी खाच कोरी, आणि तिच्या शेवटाला दुसरा तुकडा.

दुपारी जेवताना तिनं गोपिकाला सांगितलं. गोपिकाचा घास हातातच राहिला. तिनं जयाच्या समोर हात जोडले नाहीत की ती रडली नाही, फक्त हळू आवाजात बोलत गेली. पेटी सांडली हे लपवलं म्हणून काढून टाकतील. दोघींनाही. आणि तूच सांगितलंस तर लोक काय म्हणतील ते तुला कळत नाही का, असं तिनं विचारलं.

"काहून, काय मन्तीन?"

"डांगरासाठी खोटं बोलून राहिली मन्तीन. कोन मानन वं तुले?"

हे मात्र जयाच्या लक्षात आलं नव्हतं. ती पाणी न पिताच उठली.

संध्याकाळी वाडीवर गेली तर नत्थू गोलात पाणी घालत होता. चुना ओला होऊ नये म्हणून तो गोलाच्या रेघेवरून घागर उचलून नेत होता. दुसऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडावा तसा. जयानं त्याच्या हातातली घागर घेतली. परवा मशीन येणार आहे, आता कशाला पाणी, असं ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला, वेलाले ते कोणी सांगतलं नाई ना अजून.

रात्री रोशनचा, तिच्या नवऱ्याचा फोन आला. तो नागपूरजवळच्या बेसाकडं नव्या इमारतींवर सिमेंटची गाडी चालवायचा. जयानं त्याला विचारलं, एखादी चूक झाली असेल आणि सांगून काम जाणार असेल तर काय करावं. चूक कोणाची, असं त्यानं विचारलं. माझीच, असं ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला की काम काय, तू दुसरं करशील, पण मनात काही दाबून ठेवलं की तुला झोप लागत नाही हे मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे.

सकाळी हजेरीच्या वेळी मधुसूदन रजिस्टर घेऊन खुर्चीवर बसला होता आणि अस्मिता उभ्यानंच चहा पीत होती. जया सही न करता पुढं झाली. तिनं सरळ सांगून टाकलं. सतरा नंबरची पेटी माझ्या हातून सांडली, मी परत भरली, भरताना ओळी वळवल्या.

मधुसूदननं पेन बंद केलं. "वा. गोल वाडीत पडल्यावर बरं आठवलं."

"आधी माइत नोतं जी का चुकलं म्हणून."

"भरली पेटी एकटीनं उचलली तू?"

जयानं मान हलवली. "एकटीनं उचलली, म्हणून तं सांडली."

मागं कुणीतरी हसलं. मधुसूदन उठला. तुझं काम दगड धुण्याचं आहे, वाचण्याचं नाही, असं तो म्हणाला, आणि मॅडमकडं वळून हिंदीत सांगितलं की ये सब खरबूजे का चक्कर है. मग जयाला म्हणाला, तिथं बाजूला उभी राहा, मॅडम सांगतील तेव्हा घरी जा. जया उन्हात उभी राहिली. बाकीच्या बाया तिच्याकडं न बघता सह्या करत होत्या. रांगेत शेवटी गोपिका होती. तिनं पेन हातात घेतलं, तिच्या नावासमोरची रिकामी चौकट बघितली आणि पेन खाली ठेवलं.

"पेटी माह्या हातून सुटली," ती म्हणाली. घोट्यावरची खपली दाखवायला तिनं लुगडं टीचभर वर केलं. "हिनं तं फक्त भरली."

अस्मितानं चहाचा कप खुर्चीवर ठेवला. ती रागावली नव्हती, पण चेहरा उतरला होता. "चला," एवढंच ती म्हणाली.

मांडवात दोन गड्यांनी सतरा नंबरची पेटी मधोमध आणून ठेवली. मधुसूदन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. जया पेटीसमोर मांडी घालून बसली. तिनं तिसऱ्या खाचेच्या शेवटचा चमकता तुकडा उचलला. मग त्याच्या बरोबर खालचा, चौथ्या खाचेतला. दोन्ही जड, दुसऱ्या दगडांपेक्षा दुप्पट. एका तोंडाला तिरपं टेंगूळ होतं, दुसऱ्याला तसाच खळगा. तिनं एकावर एक ठेवून किंचित फिरवलं. एका जागी आल्यावर ते आपोआप थांबले. बारीक चटक आवाज आला.

पहिल्या तुकड्यातून एक पांढरा दोरा तिरका खाली येत होता. तो जोडावरून न तुटता दुसऱ्या तुकड्यात गेला.

"हे पाहा मॅडम," जया म्हणाली. "पानी टाका."

अस्मितानं बाटलीतलं पाणी जोडावर ओतलं. पाणी सगळीकडून ओघळलं आणि जोडाच्या जागी एक केसाएवढी रेघ तेवढी राहिली. अस्मिता गुडघ्यांवर बसली. तिनं भिंग डोळ्याला लावलं. मग जयानं धरलेला जोड सुटू न देता ती कांडी आपल्याही हातांनी धरली. दोघींचे चारही हात त्या दगडाला होते. एकसंध चमकता पट्टा होता, एका वितीहून मोठा. अस्मितानं वीत लावली. एक, आणि दुसरी पुरी भरायला दोन बोटं कमी. पाण्याकडं जाऊन पट्टा संपत नव्हता, जाड होत होता.

"दोरा तं कुठंबी जुळते," मधुसूदन म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

अस्मितानं दुसऱ्या आणि चौथ्या खाचेतले सगळे तुकडे काढायला लावले आणि जयाकडून उलट्या क्रमानं पुन्हा भरून घेतले. प्रत्येक ओळीच्या शेवटाला ती भिंगानं तोंडं तपासत होती. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "या कडा मी बघायला हव्या होत्या. मी नागपूरहून उशिरा आले, फोटो काढले आणि पाठवून दिले. चूक माझीपण आहे, ताई."

"तुमची काहून? तुमी तं वाचलं."

"हो," अस्मिता म्हणाली. "नुसतं वाचलं."

तिनं सतरा नंबरचे नवे फोटो काढून पाठवले आणि टेकाडावर चढून, जिथं रेंज येते तिथं, तासभर फोनवर बोलली. जया आणि गोपिकाला त्या दिवशी काम दिलं नाही. दोघी मांडवाच्या सावलीत बसून राहिल्या. उद्या हजेरीत नाव असेल की नाही ते कोणीच सांगत नव्हतं. गोपिका म्हणाली, सही करायला हात बरा वळायला लागला होता आता कुठं.

दुसऱ्या दिवशीही उत्तर आलं नाही. ट्रॅक्टर मशीनला जोडून ठेवले होते. नत्थूला जयानं काही सांगितलं नव्हतं. तो पहाटेच गोलात जाऊन बसला होता आणि सात वेलींच्या टोकांना हातानं आतल्या बाजूला वळवत होता. मशीन उभी राहायला जेवढी जागा लागेल तेवढी सोडून उरलेल्यात काही मावतं का, ते बघत होता. जयानं ते लांबून बघितलं आणि ती तिथूनच परत फिरली.

दुपारी तीनच्या सुमाराला अस्मिता वाडीत आली. तिच्या मागं मधुसूदन होता, खांद्यावर खुंटी आणि हातात चुन्याची पिशवी. तो गोलापाशी थांबला नाही. वेलींच्या मधून, पाऊल जपून टाकत, तो खाली गेला. पहिलं भोक मागं पडलं, दुसरंही मागं पडलं. उघड्या विहिरीपलीकडं, जिथं चिखल अजून ओला होता आणि नुसत्या शिंपल्या पडल्या होत्या, तिथं त्यानं खुंटी ठोकली. बगळे उडाले.

नत्थू उभा राहिला. त्यानं डोळ्यांवर हात धरून खाली बघितलं.

"तिथं तं नाला होता," तो म्हणाला.

"हो काका," अस्मिता म्हणाली. "तुम्ही सांगितलेलं. वहीत आहे माझ्या."

पेटी सांडली हे लपवल्याबद्दल दोघींना तीन दिवस कामावरून बसवलं. तो नियम होता आणि अस्मितानं तो मोडला नाही. चौथ्या दिवशी हजेरीत दोघींची नावं होती. मांडवातल्या प्रत्येक रिकाम्या पेटीच्या प्रत्येक खाचेत तिनं लाल रंगानं बाण काढून ठेवला होता, सगळे डावीकडून उजवीकडं. गोपिकानं ते बघून विचारलं, हे आमच्यासाठी काय. अस्मिता म्हणाली, नाही, माझ्यासाठी.

तिसऱ्या भोकातून काय निघालं ते नागपूरला गेलं आणि तिथून पुढं आणखी कुठंतरी. खाण होईल की नाही ते मॅडमलाही माहीत नव्हतं. बहुतेकदा होत नाही, असं तिनं नत्थूला खरं खरं सांगितलं. पण निरोपाच्या दिवशी ती नत्थूच्या जाळ्यापाशी पुन्हा बसली. त्यानं एक वेडीवाकडी गोळी दातानं दोरा तोडून काढली आणि तिच्या हातावर ठेवली. जाळं एका बाजूनं हलकं होईल ना, असं ती म्हणाली. तर म्हणाला, होऊ द्या, मासेबी म्हातारे झाले.

त्या दिवशी डांगर पिकलं होतं. रेघेचा चुना अजून पुसट दिसत होता. नत्थूनं देठाला हात लावला आणि ते आपसूक वेलीपासून सुटलं. वास सगळ्या वाडीभर पसरला. मधुसूदनसुद्धा ट्रॅक्टरवरून उतरून आला आणि न बोलावता बसला. नत्थूनं विळ्यानं डांगर चिरलं. आतल्या बिया पिवळ्या, भरलेल्या होत्या. फळाच्या फाका सगळ्यांत वाटल्या गेल्या. सगळ्यात मोठी फाक त्यानं मधुसूदनला दिली.

बिया जयानं ब्रश धुवायच्या जाळीवर धुतल्या. वाळवायला काही सपाट हवं होतं. अस्मितानं ट्रॅक्टरवरून एक जुनी रिकामी पेटी उतरवून दिली. मूठ तुटलेली, कामातून गेलेली. जयानं ती सावलीत ठेवली आणि एकेक बी मांडायला बसली. पहिली खाच भरत ती बाणाच्या दिशेनं उजव्या कडेला पोचली. तिथं हात थांबला. तिनं वर बघितलं. अस्मिता तिच्याकडंच बघत होती, ओठ दाबून.

नत्थू मागून म्हणाला, "काय झालं वं? रिकामा हात घेऊन कुठं चालली?"

जया हसली आणि दुसरी ओळ तिनं तिथूनच, उजवीकडून सुरू केली.